नऊ टाके

माझे काका टोपीचं माप डोक्यावर घेत नाहीत, गुडघ्यावर घेतात. बाहेरच्या लोकांना हे ऐकून हसू येतं. आम्हाला येत नाही, कारण आमची सगळ्यांची डोकी लहानपणापासून त्यांच्या गुडघ्यानंच मोजलेली आहेत. माझ्या वडिलांचं डोकं म्हणजे गुडघा आणि वर दोन बोटं. माझं नुसता गुडघा. धाकट्या भावाचं गुडघ्यापेक्षा कमी भरतं, आणि ते का, यावर घरात एकमत आहे. मोज्यांसाठी काका मूठ मागतात. मूठ आवळून पुढे करायची, ते तिच्याभोवती मोज्याचा तळवा गुंडाळून बघतात, टाच मोज्याच्या पुढच्या टोकाला टेकली की मोजा पायाला बसणार. एकदा मी वैतागून म्हटलं, काका, जगात टेप नावाची वस्तू आहे. तर म्हणाले, "वर टेप नेला की पडतो."

वर म्हणजे क्रेनवर. काका ओतकामाच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावणारी अवाढव्य क्रेन, तिच्या पोटाला लटकलेली काचेची केबिन, आणि केबिनपर्यंत बेचाळीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी. सकाळी चढले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली येणं नाही. आमचे वडील म्हणायचे, दादाचा धंदाच उंटावरून शेळ्या हाकण्याचा. काका त्यावर चिडत नसत. ते कशावरच चिडत नसत, त्यामुळे त्यांच्या वाटणीचं मीच चिडून घेते.

क्रेनवाल्याचं अर्धं काम म्हणजे थांबणं. भट्टीतलं लोखंड तयार होईपर्यंत थांबा, साचा जुळेपर्यंत थांबा, खालून शिट्टी वाजेपर्यंत थांबा. आणि वर उष्णता अशी की डोळे आपोआप मिटतात. काकांच्या आधीचा क्रेनवाला तर बिनधास्त घोरायचा. खालचे लोक त्याला उठवायला केबिनच्या काचेवर नट फेकून मारायचे. काकांना ती जागा मिळाली तेव्हा त्यांनी ठरवलं, आपल्यावर नट फेकायची वेळ आणायची नाही. कँटीनमध्ये ताटं वाटणाऱ्या एक बाई मधल्या वेळेत विणत बसायच्या. काकांनी त्यांच्याकडून जेवणाच्या सुट्टीत सुलट, उलट आणि टाच वळवणं शिकून घेतलं. पुढची तेहतीस वर्षं ते वर बसून, घाम पुसत पुसत, आमच्यासाठी थंडीचे कपडे विणत राहिले. त्यांना मूलबाळ नाही. सगळी माया आमच्या डोक्यांवर आणि पायांवर.

आता खरी गोष्ट. टोप्या आणि मोजे. मोजे आणि टोप्या. काकांनी आयुष्यात दुसरं काही विणलं नाही. स्वेटर तर नाहीच, साधा मफलरसुद्धा नाही. आणि माझी काकू दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर आजारी माणसं कागद आत सरकवणार कुठून. थंडीत त्या खिडकीतून असा वारा येतो की शाई गोठेल. काकू तिथे दुकानातून आणलेला, कोपरावर विरलेला करडा स्वेटर घालून बसायची. डोक्यावर नवऱ्याच्या हातची टोपी, पायात नवऱ्याच्या हातचे मोजे, आणि मध्ये सगळं दुकानाचं. खिडकीवरच्या बायका विचारायच्या, तुमचे मिस्टर एवढं विणतात, मग स्वेटर का हो नाही? काकू म्हणायची, "दिव्याखाली अंधार."

मी पाण्याचे मीटर वाचायला घरोघरी फिरते. रोज चाळीस घरांत डोकावायचं म्हणजे काय, चौकशीची सवय लागतेच. घरात मला "पंचनामा" म्हणतात. मी जिना चढताना दिसले की भाऊ ओरडतो, आला पंचनामा, आपापले कप्पे बंद करा. तर अशा पंचनाम्याला आपल्या स्वतःच्या घरातली गोष्ट कळू नये, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. काका स्वेटर का विणत नाहीत? येत नाही म्हणावं, तर ज्याला टाच वळवता येते त्याला स्वेटर म्हणजे सरळ रस्ता. कंटाळा म्हणावं, तर हा माणूस वर्षाला तीस जोड मोजे विणतो.

मी ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली नाही. पण काकांच्या बाबतीत तेही करून पाहिलं. म्हटलं, काका, लोकर स्वस्त मिळाली, जास्तच आणली, तुम्हीच बघा काय करायचं. बारा गुंडे निळी लोकर, बाईमाणसाच्या स्वेटरला पुरून उरेल एवढी. काकांनी गुंडे हातात घेतले, दाबून पाहिले, माझ्याकडे पाहिलं. पुढच्या थंडीत घरात एकूण एक माणसाच्या डोक्यावर निळी टोपी. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला मिळाली. काकूला दोन मिळाल्या.

तेव्हा मी सरळ विचारलं. ते उंबऱ्यात बसून मोज्याची टाच वळवत होते. पाच आखूड सुया, दोन्हीकडून टोक असलेल्या. टाके सुटू नयेत म्हणून टोकांना रबरी नळीचे तुकडे अडकवलेले. म्हणाले, "लांब ओळ नाही जमत मला."

"म्हणजे कंटाळा येतो?"

"नाही. जमत नाही." आणि उठून आत गेले. काका कधी बोलण्याच्या मध्येच उठत नाहीत. मनात पाल चुकचुकली.

मग मी काकूला धरलं. रविवार होता, आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो. चादरीच्या घड्यांचं बरं असतं, दोन माणसं समोरासमोर उभी असतात आणि कोणालाच हात सोडून जाता येत नाही. मी म्हटलं, "काकू, खरं सांग, तुला माहीत आहे ना?"

काकूनं काठाला काठ जुळवला. मग म्हणाली, "विणत होते ते. स्वेटर. लग्नानंतरची पहिलीच थंडी होती. त्यांच्या पिशवीत मला सापडला. डाळिंबी रंगाचा. नुसती पाठ झाली होती, बगलेपर्यंत. बाईच्या मापाची. मी लगेच आरशासमोर धरून पाहिली, मला अगदी बरोबर. म्हटलं, मला न सांगता विणतायत. मी पुन्हा घडी घालून जशीच्या तशी ठेवली. त्या रंगाला जुळेल म्हणून स्कार्फसुद्धा घेऊन आले."

"मग?"

"मग पंधरा दिवसांनी पाहिलं तर पिशवीत नव्हता. मला वाटलं आता मिळेल. थंडी संपली. मला मिळाली टोपी." तिनं चादर फटकन झटकली. "आणि त्याच दिवसांत हे घरात बोलेनासे झाले. जेवायचे, झोपायचे, कामाला जायचे. महिनाभर तोंडातून शब्द नाही. दोन आणि दोन चार मला येतात."

"कोणाला दिला असं तुला वाटतं?"

"ती कँटीनवाली. जिनं शिकवलं ती."

"तू तिला कधी पाहिलंस?"

"नाही," काकू म्हणाली. "पण उंच आहे. पाठीवर शेपटा. नाक जरा बसकं, पण ते तिला शोभतं."

तेहतीस वर्षं या बाईनं एका अनोळखी बाईला मनात सांभाळून ठेवलं होतं, नाकासकट. मी म्हटलं, "अगं, मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं, आणि त्यांनी सांगितलं तर?" काकू म्हणाली. "तुला काय, मीटर वाचलास की तू पुढच्या घरी. मला इथेच राहायचं होतं."

घडी घालून झाली होती.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी कारखान्यात घरच्या माणसांना आत येऊ देतात. काकू एरवी अशा ठिकाणी पाऊल टाकायची नाही, पण त्या दिवशी तिनं केस दोनदा विंचरले. दारात मला हळूच म्हणाली, "बघू तरी." मला कळलं ती काय बघायला निघाली होती.

आत गेल्यावर माझी जी धांदल उडाली ती उडाली. काळी वाळू, तापलेल्या लोखंडाचा वास, आणि वर छताशी ती क्रेन. मी काकांकडे हट्ट धरला की मला वर जायचंय. बेचाळीस पायऱ्या मोजून चढले. केबिन म्हणजे आमच्या घरातल्या कपाटाएवढी. एक खुर्ची, दोन हातांना दोन दांडे, पायाखाली काच. उजवीकडे एक खिळा, त्याला लोकरीची पिशवी अडकवायची जागा. तिथला रंग घासून उडाला होता. खाली पाहिलं तर माणसं बुटांसकट दिसत होती, तोंडं मात्र नाही, फक्त डोकी. मला वाटलं, बरोबर आहे, या माणसानं जगातली डोकी आणि पायच पाहिले.

खाली आले तेव्हा काकू "शिट्टी"जवळ उभी होती. शिट्टी म्हणजे काकांचा खालचा जोडीदार. खाली उभं राहून क्रेनला खुणा करायच्या, शिट्टी वाजवायची, साखळ्या अडकवायच्या, हे त्याचं काम. तीस-तेहतीस वर्षं दोघांनी बरोबर काढली, एक वर, एक खाली. घरात ऐकलं होतं की त्याच्या पायावर एकदा काहीतरी पडलं होतं, थोडा लंगडायचा. आमच्या घरी तो कधी आला नव्हता. काकाच अधूनमधून त्याच्याकडे जायचे.

काकू त्याला विचारत होती, "ते कँटीनमध्ये एक बाई होत्या ना, विणायच्या?"

"होत्या की, वहिनी. मावशी. मी लागलो तेव्हाच साठीच्या होत्या. कधीच्या गेल्या."

"उंच होत्या?"

"मावशी?" त्यानं हात आपल्या छातीच्या जरा खाली धरून दाखवला. "एवढ्या. आणि कानानं ऐकू यायचं नाही."

काकूचा चेहरा मला अजून आठवतो. तेहतीस वर्षं मुक्कामाला असलेला पाहुणा एकदम उठून गेल्यावर घर जसं दिसेल तसा. पण ते क्षणभरच. कारण तेवढ्यात शिट्टी बाकावर टेकला आणि बूट काढायला लागला. कारखान्याचे बूट परत द्यायचे असतात, त्याचाही तो शेवटचाच दिवस होता. बुटांतून पाय बाहेर आले. डाळिंबी मोजे. विटलेले, टाचेला दोनदा वेगळ्या लोकरीनं भरलेले, पण रंग डाळिंबी. उजवा मोजा नेहमीसारखा. डाव्याची करंगळीकडची बाजू तिरकी छाटल्यासारखी विणलेली.

"हे पहिले," शिट्टी कौतुकानं म्हणाला. "दादा दर थंडीला नवे देतात. पण हे ठेवणीतले. आज शेवटचा दिवस म्हणून घातले."

काकूनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. बाकी सगळा समारंभ, हार, भाषण, चहा, मला काही आठवत नाही. काकू हसून सगळ्यांशी बोलली.

घरी आल्यावर तिनं काकांना खुर्चीत बसवलं. मला वाटलं, आपण आता जावं. उठले. "पंचनामा, बस," काकू म्हणाली. "तुझ्यासमोरच होऊ दे." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अहो, तो स्वेटर माझा होता?"

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "तुझाच," ते म्हणाले.

"मग तो त्याच्या पायात कसा?"

आणि मग काकांनी सांगितलं. मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसांत ते वर स्वेटरच विणत होते. लांब सुया, एका ओळीत एकशेबारा टाके. साच्याची मोठी पेटी, दोन टनांची, जमिनीपासून वीतभर उचलून धरली होती. शिट्टी खाली लाकडी ठोकळे सरकवत होता. असं धरून ठेवायचं काम कधी मिनिटाचं असायचं, कधी दहा मिनिटांचं. काकांनी ब्रेक लावला आणि विणायला घेतलं. खाली एक ठोकळा कलंडला, साखळी सरकली, आणि पेटीचा कोपरा शिट्टीच्या डाव्या पायावर उतरला. शिट्टी वाजली. दोन आखूड. दोन आखूड म्हणजे वर घ्या. रोज शंभर वेळा वाजायची.

"ओळीचे नऊ टाके राहिले होते," काका म्हणाले. "मला वाटलं, नेहमीचीच शिट्टी. एवढी ओळ होऊ दे. नऊ टाके किती वेळ लागतो? मी नऊ टाके घेतले आणि मग दांडा ओढला. मधल्या वेळात ती पुन्हा वाजली होती."



"दोन बोटं गेली. करंगळी आणि शेजारचं. डॉक्टर म्हणाले, लगेच उचललं असतं तरी एक गेलंच असतं. एक पेटीनं घेतलं. दुसरं कोणी घेतलं ते मला माहीत आहे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते नुसते वाहत होते. "साहेबांनी अहवालात लिहिलं, ब्रेक सुटायला वेळ लागला. मी गप्प बसलो. ती पाठ त्याच दिवशी उसवली. तो कारखान्याच्या दवाखान्यात होता, पाय गारठायचे, म्हणून त्याच लोकरीचे मोजे केले. त्यानंतर लांब ओळ हातात घेतली की कानात शिट्टी वाजते. मोज्याचं बरं असतं. एका सुईवर सोळा टाके. आठव्यावर असलो तरी ठेवून देता येतं. टोपीचंही तसंच. तेवढंच विणलं."

काकू भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं ती आता रडेल किंवा त्यांच्या खांद्यावर हात ठेवेल. तिनं विचारलं, "त्याला हे माहीत आहे?"

"नाही."

"तेहतीस वर्षं त्याला मोजे दिलेत आणि हे सांगितलं नाहीत?"

"नाही जमलं."

"मीही तेहतीस वर्षं एका बाईला शिव्या दिल्या, जी नव्हतीच," काकू म्हणाली. "आपल्या घरात मूग गिळून बसायची साथच आहे. पुरे झालं. रविवारी जायचं."

मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. एकच मित्र होता त्यांना साऱ्या आयुष्यात, आणि त्याला जाऊन सांगायचं की तुझं बोट मी घेतलं. चार दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. शनिवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू जरा काकूला समजाव." मी म्हटलं, "मी समजावणाऱ्यातली नाही काका, मी बघायला येणाऱ्यातली आहे." माझं बोलणं मेलं असंच असतं. पण रात्रभर मलाही वाईट वाटत राहिलं.

शिट्टीचं घर तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर, गॅलरीत कुंड्या. बायको मुलीकडे गेली होती. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः पलंगावर बसला. काकांनी पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही. बसल्या बसल्या, जमिनीकडे बघत, एका दमात सांगितलं. स्वेटर, एकशेबारा, नऊ, दुसरी शिट्टी, ब्रेकचं खोटं. काही वगळलं नाही, काही मिळवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "तुला जे बोलायचं ते बोल. उठून जा म्हणालास तर जातो."

शिट्टीनं गुडघ्यावरचा सदरा नीट केला. मग म्हणाला, "दादा, मी तेव्हा उताणा पडलो होतो. उताण्या माणसाला वर काय दिसतं? मला केबिन दिसत होती. काच. काचेत तुमच्या सुया हलत होत्या."

काकांनी मान वर केली.

"सगळं दिसत होतं. साहेब विचारायला आले तेव्हा तुमच्याआधी मला विचारलं. ब्रेक अडकला असं मीच सांगितलं."

"का?"

"का म्हणजे?" तो जरा तिखटपणे म्हणाला. "तुम्हाला काढलं असतं तर वर कोणाला बसवलं असतं? त्या घोरणाऱ्याला परत. तुम्ही नऊ टाके घेतलेत. तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठला नसता." मग आवाज उतरला. "आणि उगाच देव बनवू नका मला. वर्षभर मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. परत कामावर आल्यावर काम नसताना मुद्दाम शिट्टी मारायचो. कधीही. बघायचो, किती वेळ लावताय. दांडा शिट्टीबरोबर हलायचा. पुन्हा दुसऱ्या दिवशी मारायचो. तरी तसंच."

"मला वाटायचं, तू फार काळजीनं काम करतोस," काका म्हणाले.

"काळजीनं कसली, राग होता. वर्षभरानं थकलो. मग राग धरायला निमित्तच उरलं नाही."

काकू पुढे सरकली. ती म्हणाली, "मग मोजे का घेतलेत त्यांच्याकडून?"

डावा पाय शिट्टीनं जरा आत ओढून घेतला. "दवाखान्यात पाय पट्टीत होता, वहिनी. किती गेलंय ते कोणी सांगेना. डॉक्टर म्हणायचे बघू, बायको म्हणायची सगळं ठीक आहे. मी पट्टी सोडायला घाबरत होतो. चौथ्या दिवशी दादा आले, मोजे उशाशी ठेवले, काही न बोलता गेले. मी डावा मोजा हातात घेतला. एका बाजूनं तिरका. त्याच्यावरून मला कळलं किती गेलंय. तेवढंच गेलंय. मला वाटत होतं अर्धा पाय गेला." तो काकांकडे वळला. "सगळ्या लोकांत खरं तुम्हीच सांगितलं होतंत, दादा."

काका तिथे ओक्साबोक्शी रडले. म्हातारा माणूस रडताना बघायची मला सवय नाही. मी उठून गॅलरीत गेले आणि कुंड्यांत पाणी आहे का बघत बसले. आत शिट्टी म्हणत होता, आता नवे मोजे बंद करू नका म्हणजे झालं, दुकानात तिरके मिळत नाहीत.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी काकू लोकर घेऊन आली. हिरवी. डाळिंबी नको म्हणाली, तो रंग आता त्याचा झाला. काकांनी हात वर केले. म्हणाले, नाही जमणार, कानात वाजतं. काकू म्हणाली, वाजू दे. एकशेबारा टाके तिनंच, इतकी वर्षं बघून बघून शिकलेले, घालून दिले.

तुम्हाला वाटेल मग सगळं सुरळीत झालं. कसलं काय. काका विणायला बसत, पण घरात कुठे खुट्ट झालं की हातातलं टाकून उभे. भांडं पडलं, उभे. दाराची कडी वाजली, उभे. लांब सुई, तिला रबराचे तुकडे लावलेले नाहीत; ते उठले की दहा-पंधरा टाके घसरून खाली. काकू संध्याकाळी बसून ते उचलायची. दोन महिन्यांत चार बोटं झालं. मी म्हटलं, या गतीनं तो तुझ्या पुढच्या जन्मी होईल. काकू म्हणाली, तू तुझे मीटर वाच.

परवा दुपारी त्यांच्या गल्लीतले मीटर होते म्हणून डोकावले. काका खिडकीपाशी विणत होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. तेवढ्यात काकू दवाखान्यातून आली, हातात बाजाराची जड पिशवी, आणि जिन्यातूनच तिनं हाक मारली, "अहो."

काका ताडकन उठले. सुई हातात तशीच, टाके टोकाशी आलेले. त्यांनी आधी काकूच्या पायांकडे पाहिलं.

काकूच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. तिनं पिशवी जमिनीवर ठेवली आणि दारातच उभी राहिली.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "बसा. ओळ पुरी करा."

"अगं, पिशवी जड—"

"असू दे. मी थांबते."

काका बसले. निम्म्याहून जास्त ओळ बाकी होती. पहिले काही टाके त्यांनी तिच्याकडे बघत बघतच घेतले, एकदा चुकले, मागे आले. मग मान खाली गेली. काकू चपला न काढता, पदराला हात पुसत, ओळ संपेपर्यंत दारात उभी होती.